साळव्यांचा माईक

आता बहुतेक स्टँडवर रेकॉर्ड केलेली बाई बोलते. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,' असं मोठ्या लाडात सांगते आणि एकही प्रवासी लक्ष देत नाही. माझं आणि त्या बाईचं काही जमत नाही. तिला खोकला येत नाही, ती कुणावर चिडत नाही, आणि घाटात बंद पडलेली गाडीसुद्धा ती वेळेवर येत असल्याचं ठणकावून सांगते. तिचा आवाज कानावर पडला की मला साळवे आठवतात, आणि साळवे आठवले की एका जागी बसवत नाही. मग मी उगाच गाडीभोवती एक चक्कर मारून येते.

मी एसटीत कंडक्टर. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या स्टँडवर माझी बरीच नोकरी झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण साळव्यांचं घर अजून तिथंच आहे आणि लोकांना नसत्या चौकशा फार.

साळवेही आधी कंडक्टरच. पायाचं हाड मोडलं, नीट बसलं नाही, म्हणून हलकं काम म्हणून त्यांना कंट्रोलरच्या खिडकीत बसवलं. गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या. पस्तिशीही गाठली नव्हती तेव्हा. खळ घातलेला पांढरा शर्ट, तेल लावून पाडलेला भांग, वरच्या खिशात कंगवा. माईक हातात घेतला की दोनदा फू फू करणार, घसा खाकरणार, आणि मग तो आवाज. लहानपणापासून देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, शास्त्रपाठ वाचून तयार झालेला. कोपरगावची गाडी लागली एवढंच सांगायचे, पण ऐकणाऱ्याला वाटावं, आता काहीतरी मोठं घडणार.

आणि विनोद! माईकवर विनोद केल्याशिवाय या माणसाला अन्न पचायचं नाही. "कोपरगाव गाडी फलाट दोनवर लागत आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये, रुमालाला कोपरगावला काम नसतं." "राजूर गाडीला उशीर होईल. चढावर तिला दम लागला आहे." माझ्यावर तर खास मेहेरबानी. मी प्रवाशाशी जरा चढ्या आवाजात बोलले की लगेच वरून ऐकू यायचं, "कर्जत गाडीच्या वाहक छायाताई यांनी भांडण संपवून गाडीत बसावं, ड्रायव्हर एकटेच निघायला घाबरत आहेत." अख्खा स्टँड खिदळायचा. मी खिडकीशी जाऊन चार शब्द सुनवायचे. ते भुवया उडवून नुसते बघायचे, मी हसले का नाही ते. मी काही हसायचे नाही. मला त्यांचे विनोद खरंच आवडायचे नाहीत, आणि हे मी आजही तोंडावर सांगेन.

पण एकदा मात्र मीही हरले. बाजाराचा दिवस. एक म्हातारी रडत खिडकीशी आली, तिचा नवरा गर्दीत चुकला होता. साळव्यांनी नाव विचारलं. म्हातारी काही नवऱ्याचं नाव घेईना. गाव सांगितलं, टोपीचा रंग सांगितला, नावावर आली की पदर तोंडाला. शेवटी साळव्यांनी माईक घेतला आणि एकदम गंभीर आवाजात म्हणाले, "ज्यांची मंडळी खिडकीजवळ उभी आहे आणि नाव घ्यायला लाजत आहे, त्या मालकांनी ताबडतोब यावं." चांगले तीन-चार म्हातारे धापा टाकत आले. सगळ्यांच्याच मंडळी हरवलेल्या! म्हातारीनं आपला बरोबर निवडला आणि भर स्टँडवर त्याला जे झापलं, की मला पोट धरून खाली बसावं लागलं.

असा माणूस. म्हणूनच पुढं जे सुरू झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता साळव्यांचा भांग बिघडला. कंगवा खिशातच, पण केस तसेच. मग दाढी वाढली. चहा घ्यायला ते स्वतः कँटीनपर्यंत लंगडत जायचे आणि वाटेत चार जणांची खोडी काढायचे, ते बंद झालं. मी आपलं म्हटलं, घरी काहीतरी बिनसलं असेल, आपल्याला काय करायचंय. आणि एका दुपारी माईकवरून आलं, "फलाट चारवर उभे असलेल्या प्रवाशांनी माझ्याविषयी बोलणं थांबवावं."

स्टँड हसून लोटपोट झाला. लोक टाळ्या द्यायला लागले. एका कॉलेजच्या पोरानं मोबाईलवर घेतलं आणि ते सगळीकडं फिरलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं मुद्दाम स्टँडवर यायला लागली, "साळवेकाका, ते फलाट चारचं परत सांगा ना."

माझी गाडी चारवरच लागायची होती, म्हणून मी तेव्हा तिकडं बघितलं होतं. फलाट चारवर कुणीच नव्हतं. एक शेळी होती, ती कागद खात होती. मी वळून खिडकीकडं बघितलं. साळवे खाली मान घालून बसले होते. कोण हसलं, कोण नाही, हे बघायला त्यांनी भुवया वर केल्याच नाहीत. त्यांच्या विनोदाला मी कधी हसत नसल्यामुळं असेल, पण यात विनोद नाही हे मला लगेच कळलं. पण सांगणार कुणाला, आणि काय सांगणार? विनोदी माणूस विनोद करत नाहीये, अशी तक्रार कुठं करायची?

घोषणा वाढत गेल्या. "निळ्या शर्टानं निरोप देऊ नये." "माझं नाव गाडीच्या पाटीवर कुणी लिहिलं ते कळलेलं आहे." लोक हसतच होते. ड्रायव्हर म्हणायला लागले, गडी प्यायला लागला. डेपोच्या साहेबांनी मग ड्रायव्हर लोक ज्या मशीनमध्ये फुंकतात त्यात त्यांना फुंकायला लावलं. काही निघालं नाही. मग कुणी म्हणालं, करणी केलीय. कुणी म्हणालं, पाय गेल्याचं मनाला लावून घेतलं. घरी त्यांच्या आईनं उपासाच्या प्रार्थना धरल्या. स्टँडवर जितकी तोंडं तितकी निदानं, आणि साळवे दिवसेंदिवस वाळत चाललेले.

त्यांची बायको रूथ. अंगणवाडीत मदतनीस होती. कमी बोलायची, पण डोळे सारखे भिरभिरत असायचे. एके दिवशी माझ्या गाडीपाशी येऊन डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, हे घरचं खात नाहीत, मी काहीतरी कालवते असं यांना वाटतं. तुम्ही तुमचा म्हणून द्या. मी दिला. साळवे जेवले. काही दिवस हे असं चाललं आणि मला वाटलं, जमलं की! मग एका दुपारी त्यांनी भाकरीचा घास तोंडातून काढून कागदावर ठेवला. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही भाकर रूथच्या हातची हाय. तुमी बी त्यांच्यातल्याच का?"

त्या दिवसापासून ते माझ्या हातचं पाणीही घेईनात. मी गाडीत बसून रडले. रागानं रडले. कुणाचा राग, ते मला अजून सांगता येत नाही. पण एक मात्र पक्कं ठरवलं, की या माणसाशी आता खोटं बोलायचं नाही, अगदी त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही.

रूथनं चर्चच्या पाळकसाहेबांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. भला माणूस. म्हणाले, प्रार्थना आम्ही करतो, तू याला डॉक्टरकडं ने, मनाच्या डॉक्टरकडं, आणि उशीर करू नको. नगरला सरकारी दवाखान्यात तसा विभाग आहे, हेही त्यांनीच सांगितलं. आता आमच्याकडं मनाचा डॉक्टर म्हटलं की लोक कानावर हात ठेवतात. पोरींची लग्नं होणार नाहीत, नोकरी जाईल, गाव येडा म्हणेल. रूथ म्हणाली, म्हणू देत. पण नेणार कसं? डोळे तपासायला जाऊ म्हणून बघितलं, आत्याकडं जाऊ म्हणून बघितलं. साळवे खिडकी सोडायला तयारच नाहीत. सुट्टीच्या दिवशीही येऊन बसायचे. खिडकीतल्या दुसऱ्या कंट्रोलरनं हात टेकले.

मी एकदा नोंद करायला खिडकीशी गेले तर स्टँडवर वीजच नव्हती. स्पीकर मुका. साळव्यांच्या हातात माईकची वायर होती, उपटून काढलेली. दुसऱ्या हातानं कान दाबून धरलेला. कपाळावर घामाचे थेंब. मला म्हणाले, "लाईट न्हाई. वायर माझ्या हातात हाय, बघा. तरी चालूच हाय, ताई. माझ्याच आवाजात बोलतोय."

त्यांच्याच आवाजात! ज्या आवाजाच्या जिवावर हा माणूस जगला, त्याच आवाजानं त्याला शिव्या घालायच्या, म्हणजे पळायचं कुठं? मी त्यांना म्हटलं, मला ऐकू येत नाही. ते म्हणाले, तुम्हाला कसं येईल, तुमचं नाव कुठं घेतलंय.

आणि मग ती सकाळ. कोपरगावची गाडी फलाटाला मागं येत होती. साळवे खिडकीतून उठले, लंगडत थेट गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले, हात आडवे करून. गाडीत 'ते' बसलेत, उतरू द्यायचं नाही म्हणून. मी शिट्टी फुंकली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला. गाडी आणि त्यांची छाती यात हातभर जागा राहिली. तेव्हाही दोन पोरं हसली. एकाच्या मी कानाखाली वाजवली. चूक की बरोबर ते मला विचारू नका.

रूथला फोन केला. ती अंगणवाडीतून तशीच धावत आली, खडूनं हात पांढरे. साळवे परत खुर्चीत जाऊन बसले होते. मी आत गेले आणि सरळ सांगितलं, "साळवे, नगरला जायचंय. मनाच्या डॉक्टरकडं. रूथ बरोबर हाय. मी फसवत न्हाई तुम्हाला."

"मला काय झालंय?"

"झोप न्हाई, जेवण न्हाई. आज गाडीखाली गेला असता."

ते म्हणाले, "मी उठलो तर चार्ज कोन घेनार? खुर्ची मोकळी दिसली की ते माईक घेत्यात."

इथं मी जरा समजावून सांगितलं पाहिजे. आमच्यात चार्ज म्हणजे चार्ज. दुसरा माणूस येऊन 'घेतला' म्हणेपर्यंत कंट्रोलर खुर्ची सोडत नाही, घराला आग लागली तरी. त्या दिवशी दुसरा कंट्रोलर अजून यायचा होता. आम्ही सगळे या माणसाला आत्याकडं चला, डोळे तपासायला चला म्हणत बसलो होतो, आणि तो आपला नियमानं अडून बसला होता. त्याला कुणी मोकळं केलंच नव्हतं. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, बसा तुम्ही, कर्जत गाडीला मी दुसरा कंडक्टर देतो.

"चार्ज मी घेते," मी म्हटलं.

"त्यांचा आवाज आला तर?"

"मला तो ऐकू येत न्हाई. खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला येतोय आन् त्याचा लई तरास होतोय, हे मला दिसतंय. तुम्ही येईपर्यंत खुर्ची मोकळी ठेवत न्हाई. एवढं माझ्या हातात हाय."

साळव्यांनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं. म्हणाले, तुमचा आवाज लई खराब हाय, ताई. मी म्हटलं, असू द्या. मग त्यांनी रीतीनं सगळं दिलं. किल्ल्या, माईक, कुठली गाडी आलीय, कुठली यायचीय, कुठल्या ड्रायव्हरला घाई असते. माझी सही घेतली. उभे राहिले आणि म्हणाले, "चार्ज दिला."

"चार्ज घेतला."

तेव्हा कुठं ते खुर्चीवरून बाजूला झाले. रूथनं त्यांचा दंड धरला. बाई पाऊल सरळ टाकत होती.

पुढची गंमत म्हणजे, नगर गाडी मलाच पुकारायची होती. आयुष्यात माईक धरलेला नाही. मी म्हटलं, "नगर गाडी फलाट एकवर लागत आहे." गाडी लागली होती दोनवर! लोक बोचकी उचलून एककडं पळाले. साळवे गाडीत खिडकीशी बसलेले, ते ताडकन उठले. आता उतरतात आणि सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दोन बोटं दाखवली. चिडून दाखवली. मी ओरडले, "फलाट दोन, दोन!" त्यांनी मान हलवली आणि खाली बसले. गाडी सुटली. त्या दिवशी दिवसभर मी माईकपाशी बसून गाड्या पुकारत होते आणि चित्त सगळं नगरच्या रस्त्यावर होतं.

दवाखान्यातलं रूथनं नंतर सांगितलं. डॉक्टर एक तरुण बाई होती. आवाज खोटे आहेत, असं तिनं म्हटलंच नाही. झोप लागते का, एवढं विचारलं. साळवे म्हणाले, हे झोपू देत न्हाईत. ती म्हणाली, झोप लागेल असं काहीतरी देऊ का? आणि साळव्यांना रडू फुटलं. इतक्या महिन्यांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं रूथला आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मला तो शब्द नीट म्हणायला पुष्कळ दिवस लागले. करणी नाही, दारू नाही, कुणाचं पाप नाही. साखरेचा असतो तसा आजार आहे, गोळ्या घ्यायच्या आणि मनानं बंद करायच्या नाहीत.

तर त्यांनी बंद केल्या. सगळेच करतात म्हणे. सुरुवातीला गोळ्यांनी हात कापायचे, तोंड सुकायचं, अंग सुटलं, दिवसभर पेंग. मग आवाज कमी झाले, माणूस जेवायला लागला, हसायला लागला, आणि म्हणाला, आता कशाला गोळ्या? पुढच्या पावसाळ्यात परत सुरू झालं. रूथचा जीव परत टांगणीला. पण या वेळी एक फरक होता. एका दुपारी साळवे स्वतःच माझ्या गाडीपाशी आले, दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, चालू झालंय परत. मला नगरला न्या." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी सरकून जागा करून दिली.

डॉक्टरनं मग गोळ्यांऐवजी महिन्याला घ्यायचं इंजेक्शन लावलं. आवाज पूर्ण गेले नाहीत. लांब कुठंतरी रेडिओ लागल्यासारखे राहिले, असं ते म्हणायचे. साहेबांनी त्यांना टायर सेक्शनला काम दिलं. माईकवर परत बसता का, असं एकदा विचारलं, तर नको म्हणाले. येडा साळवे म्हणणारे होतेच, अजूनही आहेत. एका ड्रायव्हरशी मी त्यावरून असं भांडले, की त्याची बदली मी मागितली आणि माझी त्यानं. झाली माझीच, कर्जतकडं. घराजवळ आले, म्हणून मी तक्रार केली नाही.

फोनवर रूथशी बोलणं होतं. ती म्हणाली, सगळ्यात अवघड हाकेचं आहे. मागून कुणी हाक मारली की खरी कोणती, आतली कोणती, ते यांना कळत नाही. मग आम्ही दोघांनी ठरवलंय, हाक ऐकू आली की आधी माझ्याकडं बघायचं.

गेल्या हिवाळ्यात माझी गाडी त्या स्टँडवरून पुढं निघाली होती. प्रवासी चढवून दार लावलं, आणि फलाटावर मला साळवे दिसले. अंगानं भरलेले, भांग तिरका, हातात भाजीची पिशवी. पलीकडं रूथ पेरू निवडत होती. गाडी हलली. मी दारातून बाहेर वाकले आणि सगळी ताकद लावून ओरडले, "साळवे!"

ते वळले नाहीत. जागच्या जागी थांबले, आणि रूथच्या तोंडाकडं बघत राहिले. रूथनं पेरू ठेवला, वर बघितलं, मी दिसले. तिनं मान हलवली.

मग साळवे वळले आणि त्यांनी पिशवीसकट हात वर केला.